भाकरीचं शिबिर

संस्थेचा गडी मष्णू, त्याच्या कुदळीचे तीन घाव बसले आणि मालुबाईची परसातली चूल ढासळली. ती भाकरीचं पीठ मळता मळता तशीच उभी राहिली. रानात नवरा आणि दोन दीर उपाशी होते.

"आक्का, तासाभराचा तर प्रश्न हाय," नागोजी मास्तर म्हणाले. मास्तर गावातल्या समाजसेवी संस्थेचे चिटणीस. दोन वर्षांमागं संस्थेनं कंग्राळीत चाळीस घरांत निर्धूर चुली बांधून दिल्या होत्या आणि आज पुण्याहून बाई तपासणीला येणार होत्या. नव्या चुलीत कोंबडी अंड्यावर बसलीय आणि स्वयंपाक परसात चाललाय, हे बाईंना दिसलं असतं तर मास्तरांचं नाक कापलं गेलं असतं. त्या नाकापुढं तीन माणसांची न्याहारी म्हणजे काय मोठं लागून गेलंय!

मष्णूनं कोंबडी हुसकली. जीप आली. बाईंनी चुलीचा फोटो काढला, फॉर्म उघडला.

"काही अडचण?"

"काही न्हाई, काही न्हाई," मास्तरच बोलले.

"हाय की!" मालुबाई पुढं झाली. "तव्याखालचं भोक लई बारकं. भाकरी मधी करपती, कडंला कच्ची ऱ्हाती. बांधतानाच सांगितलंतं मी, कुणी ऐकलं न्हाय. तेवढं भोक मोठं करून द्या, बाई. माझी जुनी चूल तर आत्ताच फोडली ह्येनी."

मास्तरांचं तोंड उतरलं. बाईंनी मात्र मन लावून ऐकलं. मालुबाईला वाटलं, चला, कुणीतरी ऐकणारं भेटलं.

"चूल शास्त्रशुद्ध आहे," बाई मास्तरांना म्हणाल्या. "प्रशिक्षण कमी पडलंय. महिलांना लहान भाकरी थापायला शिकवा. तीन दिवसांचं शिबिर घ्या, मी शिफारस करते."

मालुबाईनं परात उचलून त्यांच्यापुढं धरली. "आन् रानातल्यांची पोटं? ती बारकी करायचं शिबिर कवा घेताय?"

मग मास्तर एकदम खुलले.

"बघा बाई! दोन वर्षांमागं ही चार माणसांत तोंड उघडत नव्हती. संस्थेमुळं बोलायला लागली!"

मालुबाई वीस वर्षं बेळगावच्या बाजारात ओरडून भाजी विकत होती.

बाईंनी मास्तरांचं वाक्य लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.