पारा हललाच नाही

“पारा जागचा हलला नाही,” तपासणीच्या बाई म्हणाल्या आणि वहीत तिसऱ्या सशापुढे बरोबरची खूण केली. “मावशी, तुमच्या हाताला गुण आहे हो.”

मावशी नुसती हसली. जमादाराला तिनं मान अडकवायच्या फळीतून अलगद सोडवलं आणि उराशी धरलं. जमादार म्हणजे लांब मिशांचा करडा ससा. सलाइनच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कारखान्यात असे अकरा ससे होते. त्यांचं दाणापाणी, पिंजऱ्यांची झाडलोट, सगळं मावशीकडे. आधी मुक्या जिवांच्या तोंडात, मग आपल्या, हा तिचा रोजचा नेम. घरी आग लागली तरी मोडायचा नाही.

नवी बॅच निघाली की त्यातलं थोडं पाणी तीन सशांच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि तीन तास त्यांचा ताप मोजायचा. बाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, “उकळलं की जंतू मरतो मावशी, पण त्याचं विष मागे उरतं. मेला तरी खोड जात नाही मेल्याची. आपल्याला ते दिसत नाही, सशाला कळतं. ससा तापला की बॅच मोरीत ओतायची.”

“आणि ससा?”

“तोही बाद.”

बाद झालेला ससा मागच्या दारानं जायचा. पहिल्या महिन्यात दोन गेले. कुठे, ते मावशीनं एकदाच विचारलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

पण पुढचे तीन महिने एकही ससा तापला नव्हता. तपासणीच्या दिवशी ती तासभर आधी यायची, वाट्या स्वतः भरायची आणि एकेकाला पुढ्यात घेऊन पाणी पाजायची.

“काय ते लाड,” फाटकावरचा रखवालदार म्हणायचा. “आमच्या सासूबाईंना पाठवतो तुमच्याकडे. त्यांचाही पारा उतरेल.”

त्याच आठवड्यात मावशीच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं सलाइन लावलं. मावशीनं चष्मा चढवून बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा खुलला.

“अहो, आमच्याकडची आहे. नंबर पाहिलात? जमादारानं पास केलेली.”

“म्हणजे सशाच्या सहीवर जीव टांगलाय माझा,” नवरा म्हणाला.

अर्ध्या तासात त्याला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, खाट करकरू लागली. सिस्टरनं धावत येऊन बाटली बंद केली, दोन घोंगड्या टाकल्या. मावशी त्याचे तळपाय चोळत राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“तुझ्या पिशवीत गोळी असेलच की तापाची,” तो कसाबसा म्हणाला. “परवाच तर गुडघ्यांसाठी म्हणून पाकीट आणलंस.”

मावशीनं पिशवीत हात घातला. “संपल्या.”

“गुडघे दोन आणि गोळ्या दहा? धन्य आहेस बाई.”

“गोळी नकोच एवढ्यात,” सिस्टर नाडी बघत म्हणाली. “गोळीनं ताप दबतो, आजोबा. मग तो कशानं आला ते कळत नाही.”

मावशीचा हात पिशवीतच राहिला.

दुपारी हुडहुडी ओसरली, पण अंग तापलेलंच होतं. डॉक्टरांना बाटलीचा संशय आला. त्यांनी कारखान्यात फोन केला आणि तासाभरात तपासणीच्या बाई वही घेऊन हजर झाल्या. मावशीला पाहून त्या चपापल्या. मग तिच्या खांद्यावर थोपटून डॉक्टरांकडे वळल्या.

“हे बघा. तीन ससे, तीन तास, पारा जागचा हललेला नाही. बाटलीत विष असतं तर ससे तापलेच असते. तुम्ही जखम तपासा, डॉक्टर.”

डॉक्टरांनी वही उलटसुलट पाहिली. तीत खोट नव्हती. टाके त्यांनी सकाळीच पाहिले होते, तेही स्वच्छ होते. पण पेशंटची जीभ कोरडी पडली होती, आणि वॉर्डात आणखी सात जण सलाइनची वाट बघत होते.

“ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “सशांवर भरवसा ठेवू. सुरू करा, सिस्टर.”

सिस्टरनं त्याच खोक्यातली नवी बाटली काढली आणि स्टँडला अडकवली. नवऱ्याचा डोळा लागला होता. मावशी त्याच्याकडे बघत होती. मधेच जमादार डोळ्यांपुढे आला, ओल्या मिशांनिशी, वाटीतून वर बघणारा. त्याच्यामागे बाकीचे दहा. आणि मागचं दार.

ती उठली आणि तिनं सिस्टरच्या मनगटावर हात ठेवला.

“जरा थांबा,” ती तिच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, आणि पिशवीतली गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून एकेक करून बाईंच्या उघड्या वहीवर ठेवली. “तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांच्या पाण्यात मी ह्या घालते.”