विलायती बाग

स्वातंत्र्य मिळून महिना झाला नव्हता, तोच नगरपालिकेचे सभासद तात्यासाहेब खटावकर रंगनाथच्या फोटो स्टुडिओत घुसले आणि मागच्या रंगवलेल्या पडद्यावर काठी रोखून गरजले, "ही साहेबाची बाग आधी पुसून टाक!"

पडद्यावर कारंजं होतं, हंस होते, संगमरवरी पऱ्या होत्या. गावातल्या दोन पिढ्यांनी त्या बागेपुढे ताठ बसून फोटो काढून घेतले होते. पण तात्यासाहेबांनी सगळ्या सभासदांच्या सह्यांचा ठरावच आणला होता. रंगनाथनं ब्रश उचलला. आठवड्याभरात अस्सल देशी बाग तयार झाली. कारंज्याऐवजी तुळशीवृंदावन, हंसांऐवजी मोर आणि पऱ्यांच्या जागी वासराला चाटणारी गाय. तात्यासाहेबांनी पडद्याला हार घातला, भाषणही केलं.

दिवाळीनंतर ते लेकीला घेऊन आले. पैठणी नेसलेली मुलगी वृंदावनाशेजारी उभी राहिली. तात्यासाहेब घुटमळले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "अरे, स्थळ मुंबईचं आहे. मुलगा बॅरिस्टर. मागं गाय बघून काय म्हणेल? ती जुनी बाग... काही उरलीय का रे?"

रंगनाथनं पडदा काढला आणि मागची बाजू पुढं करून टांगला. कारंजं तसंच उडत होतं. हंसाचं एक पीसही हललं नव्हतं.

"म्हणजे तू पुसलीच नाहीस?"

"पुसायला वेळच कुठं मिळाला?" कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालत रंगनाथ म्हणाला. "ठरावावर सह्या केलेले एकेक जण येतच होते. तुमचंच तेवढं यायचं राहिलं होतं."