ताकदीचं सलाईन

"माफी मागणार नाही," वेन्ला म्हणाली.

इर्बिद या आमच्या अरबी शहरातल्या इस्पितळात सिस्टर नुहादना असं तोंडावर कुणी ऐकवलं नव्हतं. तीस वर्षं वॉर्ड त्यांच्या धाकात होता. आणि ही फिनलंडहून आठ आठवड्यांसाठी शिकायला आलेली नर्सिंगची पोर तुटक्या अरबीत त्यांना उलट बोलत होती.

झालं होतं ते असं. उम्म नायफ या म्हातारीला कॅन्सर होता. आमच्याकडे रोग्यासमोर तो शब्द कुणी काढत नाही. मुलं डॉक्टरांना आधीच गळ घालतात आणि केमोच्या बाटलीला सगळा वॉर्ड 'ताकदीचं सलाईन' म्हणतो. मायेपोटीच म्हणतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

सकाळी म्हातारीने वेन्लाचा हात धरला. "पोरी, ताकद येतेय म्हणतात, मग केस का गळतायत?"

"खरंच ऐकायचंय, आजी?"

"तू सांग तर."

वेन्लाने सांगितलं. म्हातारी खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अजलूनला माझी बहीण आहे. दहा वर्षं अबोला आहे आमचा. तिला बोलवा."

मुलगा नायफ मात्र भडकला. अख्खा मजला त्याने डोक्यावर घेतला.

"नायफची माफी माग," नुहाद म्हणाल्या. "नाहीतर तुझ्या प्रशिक्षणाच्या वहीवर माझी सही नाही. वर्ष फुकट जाईल."

"जाऊ दे. पेशंटने विचारलं तर मी खरंच सांगणार."

"जीभ फार चालते तुझी!"

"खरं सांगायला तुमची चालत नाही, म्हणून."

दारातल्या दोन नर्सनी हसू दाबलं. नुहाद एकदम खुर्चीत बसल्या. लगेच एकीने पुढे होऊन गोड चहा ओतला. "सिस्टर, दगदग नको हो." हल्ली सगळे त्यांना फार जपत. रक्त कमी झालंय म्हणून त्यांची रात्रपाळी बंद केली होती. एरवी खेकसणारे डॉक्टर राकान त्यांची पिशवी टॅक्सीपर्यंत नेऊन देत.

"तुम्ही दोघी बाहेर व्हा," नुहाद म्हणाल्या. त्या गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली.

वेन्लाने वही टेबलावर आपटली. मान ताठ होती. "नका करू सही. मी जाते घरी. खोटं बोलायला मी इथे आले नाही."

नुहादनी वही ओढली आणि सही केली. मग खणातून एक बंद पाकीट काढून तिच्यापुढे सरकवलं. वर त्यांचंच नाव होतं.

"राकानच्या टेबलावरून उचललंय. उद्यापासून मलाही ताकदीचं सलाईन लावणार आहेत," त्या म्हणाल्या. "माझी माणसं काही सांगायची नाहीत, मीच शिकवलंय त्यांना. तू वाच. आणि मोठ्याने वाच."