ताईची जागा

ताईची बॅटिंग दणदणीत आणि फिल्डिंग म्हणजे आनंदीआनंद. माझं नेमकं उलटं. सॉफ्टबॉलच्या नियमात बसतं, म्हणून माझी बॅटिंग ती करायची, तिची फिल्डिंग मी.

आज सरांनी सवयीने टीममध्ये तिचंही नाव दिलं. अंपायरनी बॅटिंगसाठी ते पुकारलं आणि सरांचा चेहरा उतरला. मी तिची बॅट उचलली.

"ताईच्या जागी मीच खेळते."

"चालेल. दहाऐवजी नऊ जणी उरतील, एवढंच." माझे डोळे बघून अंपायर समजावू लागले, "अगं, रडतेस काय? नियमाने तिला एकदा परत येता येतं. सांग तिला, जागा तिचीच आहे."

मी मान हलवली.

घरी जाताना वाट वाकडी करून स्मशानात गेले आणि तिला तेवढं सांगून आले.