वाळूच्या पिशव्या

"बाबा, गाडी अजून डावीकडेच ओढतेय," शर्यतीच्या गाडीतून उतरत लेक वैतागली. उद्या तिची पहिली शर्यत होती.

"माझं अलाइनमेंट चोख आहे. तुझाच हात कच्चा." बाबांनी पुन्हा स्प्रिंगा फिरवून गाडीची उंची जुळवली, चाकं सरळ केली. सकाळपासून हेच दळण चाललं होतं.

उंची जुळवताना, गाडी जो चालवणार त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवायच्या असतात; वजन चुकलं तर गाडी एका बाजूला ओढते. शेवटी कंटाळून तिने त्या उचलून काट्यावर टाकल्या.

"बाबा, हे तर दादाचं वजन आहे."

बाबा पाना पुसत राहिले. "ऐनवेळी तू घाबरलीस तर तो आहे, म्हटलं."

पिशव्या काट्यावरच सोडून ती सीटवर जाऊन बसली, पट्टा आवळला.

"आता लावा उंची."