तांबूचा विमा

चिंतामणीने तांबूचा खालचा ओठ ओढून धरला आणि दात मोजायला सुरुवात केली. बकुळाबाईची नजर त्याच्या बोटांवरून हलत नव्हती.

"वय?"

"अकरा."

"वेतं किती झाली?"

"चार. पण ते तुम्हाला कशाला?"

"कागदावर लिहावं लागतं, मावशी."

कागद म्हटलं की बकुळाबाईच्या कपाळावर आठी पडायची. गिरगावातल्या मारुतीच्या देवळाबाहेर ती गाय घेऊन बसत होती त्याला नऊ वर्षं झाली होती. देवळात आलेली माणसं तिच्याकडून गवताची पेंढी घेत, गाईला भरवत, हात जोडत आणि आणा टाकून पुढे जात. त्यावर दोघींचं पोट चालायचं. नवरा गेल्यापासून तिला बोलायला घरचं म्हणून तांबूच होती. चिंतामणी मात्र नवा होता. गेल्या वर्षापर्यंत तो माणसांचे विमे उतरवायचा. "ते सगळं सरकारनं घेतलं," तो पहिल्याच दिवशी हसत म्हणाला होता, "आमच्या वाट्याला जनावरं राहिली."

धडधाकट गाईच्या मरणाची बोलणी करणारा माणूस तिला सरळ वाटेना.

"वर्षाचे अठरा रुपये भरायचे. गाय गेली की कंपनी तीनशे देणार," तो म्हणाला.

"आणि नाही गेली तर?"

"तर काही नाही. गाय आहेच की."

बकुळाबाईने जरा विचार केला. "म्हणजे ती जगली तर फायदा तुमचा. मेली तर माझा."

"तसं नसतं हो ते," चिंतामणी म्हणाला. आणि त्याने कागद पुढे सरकवला.

शेजारी हार विकणाऱ्या नलूने तिची समजूत घातली. ठाकुरद्वारच्या लवूची गाय लॉरीखाली गेली आणि दुसरी घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. देवळापुढची जागा गाईची, माणसाची नव्हे. आठ दिवसांत तिथे दुसऱ्याची गाय उभी राहिली. लवू आता माझगावला गोदीत ओझी वाहत होता. "तुम्ही या वयात काय वाहणार, मावशी?" नलू म्हणाली. बकुळाबाईने दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी अंगठा उठवला.

अंगठ्याची शाई गेली, पण मनाला लागलेला किडा जाईना. तांबूच्या मरणाला आता किंमत आली होती. किंमत आली की चोर येतो, हे तिला ठाऊक होतं. कुणी लाडू पुढे केला तर ती तो आधी फोडून बघायची. अनोळखी माणसाने गाईच्या पाठीवर हात ठेवला तर "लांबून नमस्कार करा" म्हणायची. चिंतामणी दर शनिवारी दर्शनाला यायचा आणि तांबूची चौकशी करायचा. हा एवढी चौकशी का करतो, म्हणून ती तो दिसला की गाय भिंतीकडे वळवायची. एके दिवशी नलूने रोजच्यासारखी शिळी पोळी आणली, तर बकुळाबाईने ती हातात घेऊन हुंगली.

नलूचा आवाज चढला.

"अहो, तिला मारून मला काय मिळणारे? पैसे तर तुम्हाला मिळणार!"

बकुळाबाईने पोळी तांबूच्या तोंडात दिली.

निवडणूक जवळ आली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पोस्टरांनी गल्लीतली एकही भिंत मोकळी ठेवली नाही. त्यावर विरोधकांची, त्यावर पुन्हा समितीची. पोस्टरं पिठाच्या खळीने चिकटवलेली. तांबूला कुठला पक्ष नव्हता. ती सगळ्यांचीच चाटायची. त्यांत टाचण्या असत, म्हणून बकुळाबाई दिवसातून दहा वेळा दोर खेचून तिला मागे ओढायची.

त्या दुपारी देवळात सामसूम होती. कुणीतरी एक पोस्टर पुठ्ठ्यावर चिकटवून तारेने दिव्याच्या खांबाला बांधलं होतं. तांबूने ते पुठ्ठ्यासकट उपटलं आणि चघळायला लागली. तिच्या जबड्यातून वीतभर तार लोंबत होती. चघळणं थांबत नव्हतं आणि तार इंचाइंचाने आत चालली होती.

तार पोटात गेलेली गाय महिनाभर खंगते आणि परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेली तरी वाचत नाही, हे बकुळाबाईने पाहिलं होतं. दोर तिच्या हातात होता. तिने तो ओढला नाही.

तीनशेत पहिलारू गाय येते. तरणी, भरल्या अंगाची.

किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नसतं. एखादा श्वास असेल, दोन असतील. तांबूने चघळता चघळता मान वळवून तिच्याकडे पाहिलं, रोज पाहायची तसंच. बकुळाबाई ओरडली आणि तिने हात कोपरापर्यंत गाईच्या तोंडात घातला. तार निघाली, तिच्याबरोबर लाळ निघाली आणि रक्त. रक्त बकुळाबाईच्या बोटांचं होतं.

नलू हार टाकून धावत आली. "वाचवलीत हो मावशी तिला! केवढा जीव तुमचा तिच्यावर!"

बकुळाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती गाईच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली.

शनिवारी चिंतामणी आला, तेव्हा तिने विम्याचा कागद त्याच्या हातात ठेवला.

"हा मोडून टाका."

"अहो, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत."

"नकोत."

चिंतामणी दुखावला. तिच्या हाताच्या पट्टीकडे त्याचं लक्षही गेलं नाही. "एवढं समजावलं, तरी कंपनीवरचा संशय जात नाही ना तुमचा?"

"कंपनीवरचा केव्हाच गेला," बकुळाबाई म्हणाली. "माझ्यावरचा जात नाही."