तीन महिन्यांचं पीक

"बादलीतच बरं, अक्का. उचलून नेता येतं," म्हणत थवरासाने आंब्याचं रोप रंगाच्या रिकाम्या बादलीत ठेवलं.

चित्राने कपाळाला हात लावला. गिरावीन उपनगरातल्या तिच्या घराचं रंगकाम आज संपत होतं. बोटीतून ऑस्ट्रेलियाला आल्यापासून तेरा वर्षं टांगणीला लागलेल्या या रंगाऱ्याला एकदाचा पर्मनंट व्हिसा मिळाला, म्हणून तिने ते रोप हौसेने आणलं होतं.

"आता कुठे उचलून नेणार आहेस, मेट? जमिनीत लाव की! आणि आईला कळवलंस ना?"

व्हिसा मिळून तीन दिवस झाले, तरी कळवलं नव्हतं. धीरच होत नव्हता.

आई अजून तमिळनाडूतल्या निर्वासितांच्या कॅम्पात होती. चार वर्षांच्या थवरासाला कडेवर घेऊन ती श्रीलंकेतून निघाली ती 'लढाई थांबली की परत' म्हणूनच. त्या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. कॅम्पातल्या बाकी पोरांसारखा तोही रंगारी झाला. दिवसभर लोकांचे बंगले रंगवायचे आणि संध्याकाळी हजेरीला दहा फुटांच्या खोलीत परतायचं. पण काय गोड होत्या त्या संध्याकाळी! दारातल्या पत्र्याच्या डब्यांत वांगी, मिरच्या लगडलेल्या असत. तीन महिन्यांत हाती येईल तेवढंच लावायचं, हा आईचा कायदा. एकदा त्याने कोंब फुटलेला नारळ दारात पुरला, तर तिने तो उपटून फेकला आणि वर पाठीत धपाटा घातला. "आपण काय इथे राहायला आलोय?" मग रात्री वांग्याच्या रश्शातली मोठी फोड त्याच्याच ताटात पडली. ती चव आठवली की त्याला आजही भरून येई.

आपल्या गावी परतायची वाट बघत म्हातारी झालेल्या या बाईला सांगायचं तरी कसं?

"लाव फोन. माझ्यासमोर लाव," चित्रा हटून बसली.

आईचा आवाज ऐकताच त्याने एका दमात सांगून टाकलं. "अम्मा, मी आता इथलाच झालो. गावी परत जायचं माझ्याच्याने होणार नाही."



"यंदा नारळ चांगले लागलेत," आई म्हणाली.

"कुठे?"

"इथे कॅम्पात, आपल्या दारात. तू बोटीत बसलास ना, त्याच संध्याकाळी लावला होता मी."